नऊ सेकंदांची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

वाहिनीने प्रेक्षकांना विचारलं, आजवरची सगळ्यात श्रेष्ठ मालिका कोणती? उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. 'किल्लीचं घड्याळ'. चौतीस वर्षांपूर्वीची, तेरा भागांची, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची आणि घर सोडून गेलेल्या त्याच्या मुलीची. नंतर हजार हजार भागांच्या मालिका आल्या, त्यांत माणसं मेली, परत आली, पुन्हा मेली. आणि पहिला नंबर कुणाचा, तर जिच्यात निम्मा वेळ एक माणूस टेबलाशी बसून घड्याळ उघडत असतो तिचा.

ती आता नव्याने दाखवणार आहेत. चित्र ठीकठाक आहे, आवाजावर मात्र गिरणी चालल्यासारखी घरघर. आवाजाच्या मूळ टेपा गोदामात सापडल्या आणि त्या स्वच्छ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शेवटचा भाग २३ मार्चला, रविवारी संध्याकाळी सातला. माझं कंत्राट संपतं ३१ मार्चला. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "हे नीट पार पडलं, तर तुला कायम करायचं बघू." आम्ही त्यांना पाठीमागे लाल पेन म्हणतो, कारण त्यांच्या हातून कोरा कागदसुद्धा खूण झाल्याशिवाय सुटत नाही.

घरी गेले. आईने आतूनच हाक दिली, "चपला आत घे, बाहेर कुत्रं नेतं." आमच्या मजल्यावर कुत्रं येत नाही. पण मालिकेतलं शेवटचं वाक्य हेच आहे, आणि ज्या ज्या घरात ती बघितली गेली तिथे ते तोंडी बसलंय. आईचा आवाज आज जास्तच बसल्यासारखा वाटला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेपा इतक्या जुन्या आहेत की त्यांच्यावरचा लेप चिकट झालाय. तशाच लावल्या तर सोलून निघतील. म्हणून आधी मंद भट्टीत तीन दिवस शेकायच्या, मग एकदा वाजवून संगणकावर उतरवून घ्यायच्या. एकदाच. दुसऱ्यांदा वाजतील याची खात्री कुणी देत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुम्ही पगार घेऊन टेपा भाजता."

हसताना तिला ठसका लागला तो थांबेना. तीन महिने झाले. आज ओढूनच घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तुकड्याचा निकाल आला. जे नको होतं तेच. वेळेत सापडलं म्हणाले, जीव वाचेल. पण एका बाजूचा स्वरतंतू काढावा लागणार. शस्त्रक्रिया १२ मार्चला.

"मग आवाज?" मी विचारलं.

"आवाज असा नाही राहणार. कुजबुज राहील," डॉक्टर म्हणाले.

आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "कुजबुज पुरे की." मला तिचा इतका राग आला की रिक्षात एक शब्द बोलले नाही. आणि मग घरी येऊन त्याचाही राग आला, कारण आता बोलायचे दिवस मोजकेच आहेत आणि त्यातला एक मी फुगून घालवला.

बारा वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज जपतेय. मेलेल्या गायकांचे, पुढाऱ्यांचे, एका पोपटाचासुद्धा. आईचा एकही नाही. रेकॉर्डर काढला तर तिने हात पुढे केला, "ठेव तो. मी काय नटी आहे?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिले तीन भाग उतरवले. घरघर काढली आणि खाली काय काय सापडलं! घड्याळांची टिकटिक, खुर्चीचा कुरकुराट, त्या नटाचा श्वास. सगळे त्यांना खर्ज म्हणतात, आवाज तसाच आहे. पण त्यांची कीर्ती आवाजाची नाही, थांबण्याची. कुणी काही विचारलं की ते उत्तर द्यायच्या आधी थांबतात. एका समीक्षकाने त्या थांबण्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यांच्या मते ही मालिका टिकली ती या मौनामुळे, कारण त्यात एका पिढीचं दुःख साठलेलं आहे.

असेल. मला त्या मौनात काहीतरी खुसपुसल्यासारखं ऐकू येतंय. टेप गुंडाळून वर्षानुवर्षं पडली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो आणि वाक्याच्या आधीच त्याचा पडसाद येतो. तेच असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ते नव्हे. पडसाद दर वेळी सारख्याच अंतराने येतो. हा कधी दोन सेकंद आधी येतो, कधी पाच. चौथ्या भागात तर खुसपुस म्हणते, "दुपारी या", आणि खर्ज म्हणतात, "उद्या दुपारी या". पडसाद काही वाक्यातले शब्द गाळत नाही.

तिथे माणूस आहे. टेबलाखाली बसून कुणीतरी त्यांना प्रत्येक वाक्य पुरवतंय. माईक टेबलावरच्या दिव्यात लपवलेला, म्हणून टेपेवर आलं, आणि घरघरीखाली गाडलं गेलं. खर्जांना संवाद पाठ नव्हते! त्या सगळ्या जगप्रसिद्ध मौनात ते पुढचं वाक्य ऐकत होते.

मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले. मग हसू आटलं. हे आता फक्त मला माहीत आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लाल पेनांना ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर सरळ ठेवला.

"पुरुष की बाई?"

"कळत नाही. कुजबुजीला सूर नसतो. बहुतेक बाई."

"काढून टाक. सगळीकडून."

"मॅडम, पण हे..."

"प्रस्तावना करायला तो समीक्षक येणार आहे. खर्ज स्वतः येणार आहेत. सगळ्यात श्रेष्ठ मालिका म्हणून आपण महिनाभर डंका पिटलाय. आता सांगायचं का, की नायकाला काही पाठ नव्हतं म्हणून? काढ. आणि कुठे बोलू नकोस."

मी घरी येऊन अर्थातच बोलले. आई भाजी चिरत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, शेवटच्या भागातल्या त्या अकरा सेकंदांच्या थांबण्यात काय असेल देव जाणे, ती टेप अजून भट्टीत आहे.

"नऊ," आई म्हणाली.

"काय नऊ?"

"नऊ सेकंद. आधीचे दोन त्या मुलीच्या वाक्यातले. ती 'बाबा' म्हणून श्वास घेते ना." तिचा आवाज फाटला, ती पाणी प्यायली. "तू तो आवाज काढणार?"

"सांगितलंय म्हटल्यावर काढणारच."

"नीट काढ," एवढं म्हणून ती परत भाजीकडे वळली.

गंमत म्हणजे आई तो शेवटचा प्रसंग कधीच बघत नाही. तो आला की तिला गॅस आठवतो. तरी सेकंद मोजून ठेवलेत. पुनर्प्रक्षेपणं तरी किती झाली म्हणा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तेराव्या भागाची टेप उतरवली. मोजलं. नऊ सेकंद.

घर सोडून गेलेली मुलगी नऊ वर्षांनी दुकानाच्या दारात उभी राहते. "बाबा," म्हणते. म्हातारा मान वर करतो. नऊ सेकंद काही नाही. मग, "चपला आत घे. बाहेर कुत्रं नेतं." संपलं. ती राहणार की जाणार, माफ केलं की नाही, सगळं त्या चपलांत आलं. तेरा भागांत एकदाही कुत्रं दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्या कुत्र्यावर समीक्षकाची सोळा पानं आहेत.

सहाव्या सेकंदाला कुजबुज येते. स्वच्छ. "चपला आत घे." मग टाळूला जीभ चिकटून सुटावी तसा बारीक 'टक्'. "बाहेर कुत्रं नेतं."

हौसेने गोदामातून मूळ संहिता मागवली. टाइप केलेली, शेवटच्या पानावर दिग्दर्शकाची सही. तिथे चपला नाहीत. कुत्रं नाही. तिथे लिहिलंय, "ज्या दाराने गेलीस, त्याच दाराने परत जा."

तीन वेळा वाचलं. म्हणजे टेबलाखाली बसलेल्या त्या कोणा बाईने संहितेतलं वाक्य दिलंच नाही. स्वतःचं दिलं. आणि खर्जांनी नेहमीसारखं ऐकलं आणि म्हटलं. ज्या वाक्यासाठी कैलासवासी लेखकांना मानपत्र मिळालं, ते त्यांचं नव्हतंच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लाल पेनांनी संहितेचं पान वाचलं, दोनदा, आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला एक कागद दिला. स्वच्छ केलेला आवाज मंजूर झाला की कच्च्या उतरवलेल्या फायली पुसायच्या, १४ मार्चला, शुक्रवारी संध्याकाळी पाचला. खाली माझी सही.

"मॅडम, टेप पुन्हा वाजेलच असं नाही. फाइल गेली तर ते कायमचं गेलं."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

सही केली. इथे निदान खरं लिहिते: कायम होण्यासाठी केली.

४ मार्च, मंगळवार

खर्ज आले होते. अठ्ठ्याऐंशीचे आहेत, काठी आहे, आवाज तसाच. स्वच्छ केलेला पहिला भाग ऐकवला. लाल पेन फोन घ्यायला बाहेर गेल्या तसे ते माझ्याकडे झुकले.

"सापडली ना ती?"

मी दाराकडे बघितलं.

"अहो, घरघर काढलीत म्हणजे ती सापडणारच. चौतीस वर्षं मी त्या घरघरीचे उपकार मानतोय." ते हसले, पण हात काठीवर घट्ट. "मला आजारपणानंतर काही पाठच राहीना. दिग्दर्शक म्हणाला, टायपिंगच्या खोलीतली एक मुलगी आहे, तिला सगळी संहिता पाठ असते, तिला टेबलाखाली बसवू. तिचं डोकं माझ्या गुडघ्याला लागायचं. पोपटासारखं सगळं पाठ, म्हणून शुक म्हणायचे तिला सगळे. श्रेयनामावलीत तिचं नाव नको, असं मीच सांगितलं होतं."

"आणि तेरावा भाग?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. सवयीने मी मनात सेकंद मोजले.

"वाक्य कानात आलं तेव्हाच मला कळलं की हे संहितेतलं नाही. पण ती असं बोलली की दुसरं काही तोंडातून निघणंच शक्य नव्हतं. सेट त्याच दिवशी मोडायचा होता, पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. दिग्दर्शकाने तिला तिथल्या तिथे काढून टाकलं. मी गप्प बसलो. नंतर वाक्य गाजलं, तेव्हाही गप्प बसलो." मग म्हणाले, "लोक विचारतात, ही मालिका का टिकली. एवढंच सांगतो, मी अभिनय करत नव्हतो. मी खरोखर ऐकत होतो. पडद्यावर खरोखर ऐकणारा माणूस तुम्ही कितीदा पाहिलाय?"

"कुठे असतात त्या आता?"

"माहीत नाही. काम संपलं की धावत सुटायची, घरी कुणीतरी वाट बघत असावं." लाल पेन आत आल्या तसे ते सरळ झाले. "उत्तम. फारच स्वच्छ."

आईला सगळं सांगितलं. म्हटलं, तिला वाटेल, आपल्या लेकीचं काम किती रोमांचक आहे. ती पदराशी चाळा करत ऐकत होती. "असं म्हणाला तो? गप्प बसलो म्हणून?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "बरं झालं म्हणाला." मग लवकर आडवी झाली. शस्त्रक्रियेची धास्ती असणार. मला तरी दुसरं काय सुचतंय?

१० मार्च, सोमवार

बारा भाग मंजूर. तेराव्यातली कुजबुज संगणकाच्या प्रणालीला काढायला लावली. चार सेकंदांत काढली, आणि तिच्यासोबत खर्जांचा श्वासही गेला. आता तिथे नऊ सेकंद निव्वळ भोक आहे. म्हातारा मान वर करतो आणि मरतो, असं वाटतं. लाल पेनांना फरक कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी मंजुरीवर खूण केली.

आईला परत एकदा विनवलं, फक्त दोन मिनिटं बोल, काहीही बोल. "उद्या," म्हणाली.

११ मार्च, मंगळवार

उद्या दाखल व्हायचं म्हणून दिवसभर पिशव्या. तिने बिलं कुठे, किल्ल्या कुठे, गवळ्याला काय सांगायचं, सगळं सांगितलं. रेकॉर्डर माझ्या पिशवीतच राहिला. तिला आठवण करून द्यायचा धीर झाला नाही. ती विसरली नव्हती हे मला पक्कं माहीत आहे.

१२ मार्च, बुधवार

चार तास. डॉक्टर बाहेर आले, सगळं निघालं म्हणाले. मी भिंतीला टेकून खाली बसले, एका नर्सने उठवलं.

१३ मार्च, गुरुवार

बोलायला बंदी. कुजबुजायलाही. पाटी दिलीय. तिने पहिलं लिहिलं, "तू खाल्लंस?" दुसरं लिहिलं, "तेरावा भाग?" मी म्हटलं, झाला मंजूर, उद्या कच्च्या फायली पुसतील. ती पाटीकडे बघत राहिली, काहीतरी लिहिलं, तळव्याने पुसलं.

१४ मार्च, शुक्रवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

डॉक्टरांनी दुपारी पट्टी बघितली आणि म्हणाले, दिवसातून एखादं वाक्य चालेल, जोर न लावता. मी साडेतीनला गेले. वॉर्डाबाहेर बोर्ड आहे, पादत्राणं बाहेर काढा. काढली. आत शिरले. आईने माझे अनवाणी पाय बघितले, ओठ हलवले.

"चपला आत घे." टक्. "बाहेर कुत्रं नेतं."

आयुष्यभर हे वाक्य तिच्या आवाजात ऐकलं होतं. कुजबुजीत कधीच नाही. आणि कुजबुजीत ऐकलं होतं ते हेडफोनवर, निदान साठ वेळा. तो 'टक्' मी झोपेतही ओळखीन.

नऊ सेकंद. टायपिंगची खोली. तो प्रसंग आला की आठवणारा गॅस. आणि मी! बारा वर्षांचा अनुभव, तयार कान!

"तूच," मी म्हटलं.

तिने डोळे मिटून घेतले.

मी धावले. जिन्यात आठवलं, चपला राहिल्या. तशीच रिक्षात बसले. चार वाजून वीस मिनिटांनी कचेरीत पोहोचले. पाचला पुसायचं होतं, चाळीस मिनिटं हातात होती.

लाल पेन वेळेच्या आधी काम करतात हे मी कशी विसरले? त्यांनी दुपारी बारालाच पुसलं होतं.

मी त्यांच्या टेबलासमोर अनवाणी उभी राहून रडले. मोठ्याने, लहान मुलासारखी. "ती माझी आई आहे," एवढंच निघत होतं तोंडातून. "टेबलाखालची. तिचा आवाज गेला हो. तेवढाच होता."

त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मग कपाटाचं कुलूप काढलं, माझ्या सहीचा कागद बाहेर घेतला आणि लाल पेनाने त्यावर आडवी रेघ मारली.

"टेप कुठे आहे?"

"गोदामात. पण एकदा वाजलीय, मॅडम. आता वाजली तर..."

"भट्टी लाव," त्या म्हणाल्या.

१५ मार्च, शनिवार

आईला काही सांगितलं नाही. तिनेही पाटीला हात लावला नाही. दोघी एकमेकींकडे बघणं टाळतोय. चपला नर्सने सांभाळून ठेवल्या होत्या.

१७ मार्च, सोमवार

दुपारी टेप भट्टीतून निघाली. लाल पेन स्वतः आल्या, दार लावून उभ्या राहिल्या. सुरुवातीचा भाग हाताने गुंडाळून पुढे नेला, म्हणजे तेवढा घासणार नाही. फक्त शेवटची दोन मिनिटं वाजवायची. टेप जिथे घासते ते यंत्राचं टोक मी स्पिरिटने तीनदा पुसलं. पुसायला आणखी काही उरलं नाही, तेव्हा कळ दाबली.

टिकटिक. दाराचा आवाज. टेपेवरून तपकिरी भुगा पडायला लागला. म्हाताऱ्याची खुर्ची कुरकुरली. यंत्र बारीक किंचाळायला लागलं, टेप चिकटायला लागली की ते तसं करतं. "बंद कर," लाल पेन म्हणाल्या. मी केलं नाही. "बाबा." श्वास. एक. दोन. किंचाळणं वाढलं. तीन, चार, पाच.

"चपला आत घे." टक्. "बाहेर कुत्रं नेतं."

खर्जांनी "चपला" म्हटलं आणि टेप थांबली. लेप सोलून निघाला, यंत्राच्या टोकावर चिखल झाला. मागे उरली कोरी पारदर्शक पट्टी. ती आता कधीच वाजणार नाही.

मी पडद्याकडे बघितलं. फाइल उतरली होती. लाल पेन खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "लहानपणी हा भाग संपल्यावर मी वडिलांच्या चपला आत आणून ठेवल्या होत्या." मग चष्मा घालून निघून गेल्या.

१८ मार्च, मंगळवार

आई घरी आली. तिच्या कानांवर हेडफोन चढवला. माझी अपेक्षा होती की ती रडेल. तिने भुवया आवळून ऐकलं, पुन्हा लावायची खूण केली, पुन्हा ऐकलं. मग पाटीवर लिहिलं, "'बाहेर' घाईत गेलं."

मी थक्क. म्हटलं, मॅडम तयार आहेत, ही कुजबुज आपण रविवारी तशीच ठेवू, शेवटी तुझं नाव देऊ. सगळ्या जगाला कळू दे.

तिने जोरजोरात मान हलवली. "काढ."

"का पण? तुला काढून टाकलं त्यांनी! चौतीस वर्षं तू एक अक्षर बोलली नाहीस!"

"ऐकू आलं तर माझं काम बिघडलं," तिने लिहिलं. "लोकांना त्याचं ऐकणं दिसू दे. मी दिसायची गरज नाही. घरी ठेव."

मी चिडून येरझाऱ्या घातल्या. शेवटी जे विचारायचंच होतं ते विचारलं. "संहितेतलं वाक्य का नाही दिलंस?"

तिने पाटी पुसली. मग सावकाश लिहिलं.

"ते मी एकदा ऐकलं होतं. आमच्या दारात उभी राहून. तू कडेवर होतीस."

तिने ते पुसून दुसरं लिहिलं. "लहानपणी माझी एक चप्पल कुत्र्याने नेली. तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी म्हणायचे. मला वाटलं होतं, त्या दिवशीही तेच म्हणतील."

मी पाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तेहतीस किलोंची झालीय, मांडी नुसती हाडं.

२१ मार्च, शुक्रवार

तीन दिवस एकच काम. प्रणालीला हात लावला नाही. नऊ सेकंद माशाचे काटे काढावे तसे हाताने सोडवले. कुजबुज एक एक कण वेगळी केली आणि खर्जांचा श्वास, टिकटिक, खुर्ची जागच्या जागी ठेवली. टेप थांबली तिथून पुढचं त्यांचं वाक्य मंजूर फाइलमधलं जोडलं. आता त्या जागेत कुणी नाही, पण ते ऐकतायत हे ऐकू येतं. आईने सांगितलं होतं, नीट काढ. काढलं.

लाल पेनांनी ऐकलं. कुठेही खूण केली नाही.

२३ मार्च, रविवार

सात वाजता आम्ही दोघी टीव्हीसमोर. आधी समीक्षक मौनावर बोलले. मग खर्ज. ठरलेली प्रस्तावना सोडून त्यांनी कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाले, "त्या टेबलाखाली एक मुलगी बसायची. तिच्यावाचून मी काहीच नव्हतो. ती बघत असेल, तर मी उशीर केला." समीक्षकांचं तोंड उघडंच राहिलं. आईने नाक मुरडलं, पण तिचा पाय हलत होता.

भाग सुरू झाला. शेवटचा प्रसंग जवळ आला, मी म्हटलं आता ती गॅस बघायला उठणार. उठली नाही. खुर्चीत पुढे सरकली, गुडघ्यांवर वाकली, मान किंचित खाली. चौतीस वर्षांपूर्वी ती कशी बसायची ते मला तेव्हा दिसलं.

मुलगी दारात आली. "बाबा," म्हणाली. श्वास घेतला. म्हाताऱ्याने मान वर केली. एक. दोन. तीन. चार. पाच.

"चपला आत घे," आई कुजबुजली. टक्. "बाहेर कुत्रं नेतं."

पडद्यावरच्या माणसाने ते नीट ऐकून घेतलं आणि तसंच्या तसं म्हटलं.

श्रेयनामावली सरकायला लागली. रेकॉर्डर पिशवीतच होता, मला तो आठवलाही नव्हता. आईने पाटी ओढली, लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

"या वेळी 'बाहेर' नीट गेलं."